बिघडल्यावर पुढे काय?

२० जुलै १९६९ रोजी 'अपोलो ११' मोहिमेतील 'ईगल' हे यान चंद्राकडे उतरत होते. चंद्रपृष्ठापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असताना त्याच्या संगणकाने धोक्याची सूचना दिली. दर्शकावर आकडा उमटला : १२०२. पहिली धरून साडेचार मिनिटांत अशा पाच सूचना आल्या. त्यांतली एक १२०१ होती, बाकीच्या १२०२.

'संगणक बंद पडला, म्हणून आर्मस्ट्राँगने यान हाताने उतरवले' अशी ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. ती बरोबर नाही. संगणकाने प्रत्येक सूचनेनंतर हातातली कामे टाकून दिली, स्वतःला नव्याने सुरू केले आणि यान उतरवण्याचे गणित जिथे थांबले होते तिथून पुढे नेले. अखेरीस आर्मस्ट्राँगने सूत्रे हाती घेतली, तेव्हाही त्याच्या दांड्याचे आदेश याच संगणकातून जात होते.

हे कसे साधले, हे समजण्यासाठी आधी बिघाड पाहू. परतताना मातृयानाशी भेट व्हावी म्हणून 'ईगल'वर एक रडार होते. त्याला आणि संगणकाच्या जोडणीला ८०० हर्ट्झ वारंवारतेची वीज दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळे. वारंवारता सारखी होती, पण दोन्ही लहरींच्या कला एकमेकींशी बांधलेल्या नव्हत्या. त्यामुळे रडारच्या विशिष्ट स्थितीत, अँटेना स्थिर असतानाही ती सारखी थरथरते आहे असे कोन मोजणाऱ्या मंडलाला वाटे आणि ते संगणकाकडे स्पंद पाठवत राही.

प्रत्येक स्पंदासाठी संगणक चालू काम ११.७ मायक्रोसेकंद थांबवून एका मोजणीत एक मिळवी किंवा वजा करी. असे स्पंद सेकंदाला जास्तीत जास्त १२,८०० येऊ शकत. गुणाकार करून पाहा. दर सेकंदातला सुमारे ०.१५ सेकंद, म्हणजे १५ टक्के वेळ, निव्वळ वाया! उतरण्याचे गणित दर दोन सेकंदांनी नव्याने करावे लागे. पहिले संपण्याआधीच दुसरे येऊन उभे राहू लागले. पुसून पुन्हा लिहिता येईल अशी स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. अर्धवट कामे ठेवायला जागाच उरली नाही. 'जागा नाही' हाच त्या सूचनांचा अर्थ होता.

नव्याने सुरू होण्याची सोय मुळात वेगळ्या संकटांसाठी होती. वीज क्षणभर दबली, किंवा स्मृतीतून वाचलेला शब्द तपासणीत चुकीचा ठरला, तर काय करायचे? एमआयटीच्या प्रयोगशाळेतील आज्ञावलीकारांनी उत्तर आधीच लिहून ठेवले होते. प्रत्येक महत्त्वाचे काम आपण कोणत्या टप्प्यापर्यंत आलो याची नोंद स्मृतीत करी. नव्याने सुरुवात झाली की सगळी कामे पुसली जात आणि नोंद असलेलीच पुन्हा उभी राहत. दर्शकावर एखादा आकडा सतत ताजा करत राहण्यासारखे दुय्यम काम मागे राही आणि तेवढाच भार हलका होई.

यात एक अवघड जागा आहे. समजा, आपण उत्तरपत्रिकेतील गुणांची बेरीज करत आहोत आणि मध्येच कोणी हाक मारली. परत आल्यावर प्रश्न पडतो : शेवटचे सात गुण मिळवले होते की नाही? वेगातला बदल दोनदा मिळवला गेला, तर यानाचे गणितच चुकेल. म्हणून नवी उत्तरे आधी वेगळ्या जागी काढत. ती पूर्ण झाल्याची नोंद करत आणि मगच जुन्या जागी उतरवून घेत. उतरवण्याचे काम मध्येच तुटले तर ते पुन्हा करता येते. तीच संख्या त्याच जागी दोनदा लिहिल्याने काही बिघडत नाही.

अपोलोच्या संगणकाची सगळी आज्ञावली एकाच हेतूने लिहिलेली होती. आपल्या नेहमीच्या संगणकात मात्र नेटवर्कचे कार्ड एकाचे, डिस्कचे दुसऱ्याचे आणि प्रत्येकाला चालवणारी 'ड्रायव्हर' ही आज्ञावली तिसऱ्याची. एका कार्डाने चूक केली तर सावरायचे कोणी? आयबीएमच्या काही सर्व्हरांमध्ये असे कार्ड जोडणीपासून तत्काळ तोडले जाई. मग ड्रायव्हरने काहीही वाचले तरी उत्तरात सगळे एकच येत आणि लिहिलेले वाया जाई. 'यंत्र कामात आहे' हे दाखवणारा अंक शून्य होण्याची वाट पाहणारा भाबडा ड्रायव्हर अशा वेळी कायमचा अडकून पडेल!

२००६ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी एक शिस्त आली. प्रथम त्या जोडणीवरच्या सर्व ड्रायव्हरांना बिघाड कळवायचा. प्रत्येकाने सांगायचे : मी असाच सावरू शकतो, कार्ड पूर्ववत करून द्या, किंवा माझ्याने होणार नाही. एकानेही कार्ड पूर्ववत करून मागितले तर ते सर्वांसाठी केले जाते. त्यानंतर ड्रायव्हर कार्डाची मांडणी पुन्हा करतात आणि सर्वांचे झाले की काम सुरू होते.

कार्ड काढून पुन्हा बसवल्याचे नाटक करणे सोपे नाही का? नेटवर्कला ते चालते, कारण हरवलेला मजकूर पुन्हा पाठवण्याची व्यवस्था वरच्या थरात असतेच. पण ज्या डिस्कवर खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच्या फायली आहेत ती 'काढली' तर पायाखालची जमीनच जाते. तिथे अर्धवट राहिलेल्या मागण्या जपून ठेवून पुन्हा कराव्या लागतात. सुदैवाने तोच मजकूर डिस्कवर त्याच जागी दोनदा लिहिण्यात धोका नसतो. अपोलोतली युक्ती इथे पुन्हा भेटते.

वर्गात हा विषय संगणकाशिवायही घेता येईल. विद्यार्थ्यांना काही आज्ञा द्याव्यात : 'फळ्यावर ७ लिहा', 'फळ्यावरच्या संख्येत १ मिळवा', 'दार बंद करा', 'दार उघडे असेल तर लावा, लावलेले असेल तर उघडा'. आज्ञा पाळली गेली की नाही हे माहीत नसताना यांतली कोणती बिनधास्त पुन्हा देता येईल? आणि जी देता येत नाही, ती तशी करून घेण्यासाठी कोणती नोंद ठेवावी लागेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतःच शोधू द्यावे.