सोपाऱ्याहून अनुराधपूरला

दहावीच्या वर्षी, पाऊस सरता सरता, इतिहासाच्या सरांनी भर तासाला वर्ग उठवला आणि आपल्याला चालत बुरुड राजाच्या कोटावर नेलं, हे तुमच्यापैकी निम्म्यांना तरी आठवत असेल. उरलेले निम्मे वाटेत चिंचा पाडायला थांबले होते. ज्या टेकाडावर आपण एरवी फक्त हुंदडायला जायचो, त्यावर उभं राहून सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा कोट खणला, तेव्हा राजाचा खजिना नव्हे तर बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात एक दगडी पेटी सापडली. दुसरी म्हणजे सिंहली लोक ज्याला आपला मूळपुरुष मानतात तो विजय लंकेला पोचण्याआधी आपल्या सोपाऱ्याच्या बंदरात उतरला होता, आणि लंकेच्या ‘महावंस’ या ग्रंथात तसं लिहिलं आहे. "तुमच्या गावाचं नाव दुसऱ्या देशाच्या इतिहासात आहे, लक्षात ठेवा," असं सर म्हणाले होते.

मी ठेवलं. नोकरीत बदली होऊन जिथे जिथे गेलो, तिथे कुणी "नालासोपारा म्हणजे लोकलची ती गर्दी ना?" म्हटलं, की मी विजयाचं जहाज काढायचो. निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात अखेर अनुराधपूर पाहायला निघालो, तेव्हा सामानात ही फुशारकीही होतीच.

कोलंबो फोर्टहून उत्तरेकडे जाणारी गाडी भातशेतं आणि नारळाच्या बागा मागे टाकत कोरड्या प्रदेशात शिरते. अनुराधपूर जवळजवळ तेराशे वर्षं लंकेची राजधानी होतं. ९९३ साली राजराज चोळाच्या फौजेने ते लुटलं, राजधानी पोलोन्नरुवाला गेली आणि हळूहळू शहर रानाने गिळलं. आज तिथे भाड्याची सायकल घेऊन फिरता येतं. झाडीतून अचानक विटांचा डोंगर समोर येतो, तो जेतवन स्तूप. महासेन राजाने बांधायला घेतलेला हा स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिड सोडले, तर प्राचीन जगात याहून उंच काही नव्हतं असं मानतात. आणि हे सगळं विटांचं! त्याहूनही मला थक्क केलं ते पाण्याने. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव तलाव बांधला आणि तिथून ऐंशीहून अधिक किलोमीटरचा कालवा शहराकडे आणला. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी त्या कालव्याला हातच जोडावेत.

आपल्या पाठ्यपुस्तकातला फाहियान आठवतो? तो इथे दोन वर्षं राहिला. अभयगिरी विहारातल्या बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढरा रेशमी पंखा त्याला दिसला. पंखा चीनचा होता. घर सोडून कितीतरी वर्षं झालेला तो भिक्खू तिथे उभ्या उभ्या रडला. पुस्तकात हे असतं तर परीक्षेत फाहियानवर चार ओळी जास्त लिहिल्या असत्या.

बोधिवृक्षाचं दर्शन पहाटे घेतलं. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची फांदी इथे आणली, त्याला आता बावीसशेहून अधिक वर्षं झाली. झाड तसं मोठं नाही. उंच चौथऱ्यावर, सोनेरी आधारांवर रेललेल्या फांद्या, घरातल्या फार वृद्ध माणसाला उशा लावून बसवावं तशा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात कमळं घेऊन निमूट उभी होती. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाचा, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी इथूनच नेलेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मी खुणेने सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते कळलं नाही.

मी उतरलो होतो ते घर एका निवृत्त शिक्षकांचं. तेही इतिहासाचेच. संध्याकाळी चहावर मी इंग्रजीत माझं जहाज काढलं. ते शांतपणे ऐकत राहिले, मग आत जाऊन दोन पुस्तकं घेऊन आले. एक ‘महावंस’, दुसरं त्याहून जुनं ‘दीपवंस’, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं. "सुप्पारक, हो ना?" म्हणाले, "पण मग पुढचंही वाचा."

पुढचं असं आहे. विजय हा उनाडक्यांपायी बापाने सातशे साथीदारांसह, अर्धी डोकी भादरून, देशाबाहेर काढलेला राजपुत्र. ‘दीपवंस’ सांगतो, की सोपाऱ्याच्या लोकांनी या मंडळींचा पाहुणचार केला. पाहुण्यांनी दारू, चोऱ्या, परस्त्रिया असा धुमाकूळ घातला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना ठार करायचं ठरवलं. म्हणून ते पुन्हा जहाजात बसले आणि लंकेला लागले. थोडक्यात, ज्याच्यावर मी चाळीस वर्षं मिरवलो त्याला आपल्याच पूर्वजांनी हाकलून दिलं होतं. यजमान खूप हसले. मीही हसलो, जरा उशिराने.

मग ते म्हणाले, "प्रत्येक शिक्षक एक पान गाळतो. माझंही आहे." दुसऱ्या दिवशी ते मला रुवनवेली स्तूपाकडे घेऊन गेले. तापलेल्या फरशीवरून आम्ही दोघे अनवाणी जवळजवळ पळतच सावलीला गेलो. पांढराशुभ्र स्तूप, भोवती भिंतीवर हत्तींची रांग. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजाने तो बांधायला घेतला. त्याआधी अनुराधपुरात एलार नावाचा चोळ राजा चव्वेचाळीस वर्षं राज्य करत होता. त्याच्या उशाशी न्यायाची घंटा होती, ती कुणीही वाजवावी. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेलं तेव्हा गाईने दोर ओढला आणि राजाने स्वतःच्या मुलाला तीच शिक्षा दिली. हीच गोष्ट तमिळनाडूत मनुनीती चोळन म्हणून सांगतात. दुट्ठगामणीने म्हाताऱ्या एलाराला समोरासमोरच्या लढाईत मारलं, पण त्याची समाधी बांधली आणि तिच्यावरून जाताना वाद्यं बंद ठेवायची आज्ञा केली. ‘महावंस’ लिहिला गेला तो सहाएकशे वर्षांनंतर, तेव्हाही राजे ती पाळत होते.

"हे मी दरवर्षी शिकवलं," यजमान म्हणाले. "पुढचं नाही." युद्धात मेलेल्या हजारोंच्या आठवणीने राजाला झोप येईना. तेव्हा आठ अर्हत येऊन म्हणाले, की तुझ्या हातून दीडच माणूस मेला आहे. एकाने त्रिशरण घेतलं होतं, दुसऱ्याने पंचशील. बाकीचे जनावरांच्या बरोबरीचे.

मी गप्प बसलो. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं जळली. १४ मे १९८५ रोजी एलटीटीईच्या बंदूकधाऱ्यांनी याच गावात, आधी बसस्थानकावर आणि मग बोधिवृक्षापाशी, १४६ माणसं मारली. तेव्हा यजमान इथल्याच शाळेत शिकवत होते. त्यांनी त्याबद्दल एवढंच सांगितलं, की दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायची त्यांना भीती वाटली होती.

एलाराची समाधी कुठे, असं विचारलं तर दक्षिण स्तूपाकडे नेलं. लोक पिढ्यान्‌पिढ्या हीच ती म्हणत आले. विसाव्या शतकात पुराणवस्तू अभ्यासकांनी ती एलाराची नव्हे, खुद्द दुट्ठगामणीच्या अस्थींची जागा असावी असं मत मांडलं. वाद मिटलेला नाही. आम्ही तिथे पोचलो तेव्हा यजमानांनी खिशातून मोबाइल काढून बंद केला. मीही केला.

परतीच्या गाडीत ‘महावंस’ चाळताना एक गोष्ट सापडली, ती खास आपल्यासाठी. रुवनवेली पूर्ण होण्याआधी राजा मरणाला टेकला. पुरा झालेला स्तूप त्याला दिसावा म्हणून भावाने घुमट पांढऱ्या कापडाने मढवला आणि वर बांबूच्या कामट्यांचं छत्र विणून घेतलं. म्हणजे तिथेही शेवटचा हात बुरुडांचाच.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कोटावर जायचं ठरवलं आहे, शाळेच्या फाटकापाशी जमा. सर, तुम्हीही यायचं आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे आणि बसायला खुर्ची मी आणतो. विजयाचं पुढचं पान तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.