जेन ऑस्टेनची उरलेली पत्रे

इंग्लिश कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन (१७७५–१८१७) हिची आज सुमारे १६० पत्रे उपलब्ध आहेत; बहुतेक थोरली बहीण कॅसान्ड्रा हिला लिहिलेली. टोप्या, फिती, मेजवान्या आणि शेजाऱ्यांची लग्ने यांपलीकडे त्यांत काही नाही, ही टीकाकारांची जुनी तक्रार आम्हांस मान्य नाही. त्या काळी टपालाचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याने भरावयाचा असे व तो कागदांची संख्या आणि अंतर यांवर ठरे. म्हणून भरलेला कागद आडवा फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहिण्याची रीत होती. इतक्या काटकसरीत टोप्यांना जागा देणारी बाई ती उगाच देत नसावी.

उपलब्ध पत्रांतील पहिले जानेवारी १७९६ चे. टॉम लेफ्रॉय या आयरिश तरुणाशी आपण किती बेछूट नाचलो, हे वीस वर्षांची जेन मिस्कीलपणे सांगते. पुढच्या पत्रात ती लिहिते, की तो मागणी घालील, पण पांढरा कोट टाकून देण्याचे वचन दिल्यावाचून आपण होकार देणार नाही! दोघांपाशीही पैसा नव्हता. लेफ्रॉय लवकरच निघून गेला. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला.

२ डिसेंबर १८०२ रोजी हॅरिस बिग-विदर या मोठ्या जमीनदारीच्या वारसाने तिला मागणी घातली. संध्याकाळी तिने होकार दिला आणि दुसऱ्या सकाळी तो परत घेतला. अविवाहित स्त्रीला भावांच्या आधारावर राहावे लागे, हे तिला पुरते ठाऊक होते. त्या रात्री तिच्या मनात काय आले? मे १८०१ च्या अखेरीपासून सप्टेंबर १८०४ पर्यंतचे तिचे एकही पत्र उरलेले नाही. कॅसान्ड्रा १८४५ मध्ये वारली. त्याआधी दोन-तीन वर्षे तिने बहुतेक पत्रे जाळली, असे भाची कॅरोलाइन हिने लिहून ठेवले आहे. सरकारी दप्तरात कागद नष्ट करताना निदान त्यांची यादी होते. येथे तीही नाही.

तेव्हा जेनचा जो विनोद आपण वाचतो, तो बहिणीने निवडलेला आहे. एकटेपणाची बोच त्यात क्वचित दिसते, यावरून ती नव्हतीच असे आम्ही म्हणणार नाही. १८१४ मध्ये दुसरी भाची फॅनी हिने एका तरुणाविषयी सल्ला विचारला, तेव्हा थट्टा करता करता जेन एकदम गंभीर होते आणि प्रेमावाचून लग्न करू नकोस, असे स्पष्ट बजावते. फॅनीने त्या तरुणाशी लग्न केले नाही. १८२० मध्ये ती एका विधुराची पत्नी झाली. आत्याची पत्रे तिने जन्मभर जपली, आणि तिचा मुलगा लॉर्ड ब्रॅबर्न याने ती १८८४ मध्ये छापली.