कातयंत्र, लाकूडकामाचे

लाकडाचा तुकडा दोन टोकांमध्ये किंवा एका टोकाशी पकडून स्वतःभोवती फिरवावयाचा व फिरत्या पृष्ठावर धारदार हत्यार धरून त्यास गोल आकार द्यावयाचा, या क्रियेस कातणे आणि ती ज्यावर होते त्या साधनास कातयंत्र किंवा लेथ म्हणतात. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे व देव्हाऱ्याचे खांब ही कातकामाची परिचित उदाहरणे होत. हे काम करणाऱ्यास कातारी म्हणतात. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत कातारी ही स्वतंत्र कारागीर जात म्हणून नोंदलेली आढळते.

इतिहास : कातयंत्राचे सर्वांत जुने ज्ञात चित्रण ईजिप्तमधील पेटोसायरिसच्या थडग्यात (इ. स. पू. ३०० च्या सुमारास) आहे. त्यात एक जण दोरी ओढून लाकूड फिरवितो व दुसरा हत्यार धरतो. भारतातील पारंपरिक यंत्रही याच जातीचे होते : दोन ठोकळे, त्यांतील लोखंडी अणकुच्या आणि लाकडाला वेढा दिलेली दोरी किंवा धनुकली. कातारी जमिनीवर बसून हत्यार हाताने व पायाच्या बोटांनी सावरीत असे. लाकूड आळीपाळीने पुढे-मागे फिरत असल्याने निम्म्या फेऱ्यांतच काप घेता येई. शिवाय दोरी ओढण्यास बहुधा दुसरे माणूस लागे. लेओनार्दो दा व्हींचीच्या (१४५२–१५१९) एका आरेखनात पायटा, भुजा व जड चाक असलेले कातयंत्र दिसते. त्याची गती अखंड एकाच दिशेने राहते. पुढे विजेच्या मोटरीमुळे एकट्या माणसाला घरच्या घरी हे काम करणे शक्य झाले.

महाराष्ट्रात सावंतवाडी हे कातीव व लाखकामाचे प्रसिद्ध केंद्र आहे. फिरत्या वस्तूवर लाखेची कांडी दाबली असता घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठावर पसरते. तेथील चितारी कारागिरांची ही कला विसाव्या शतकात क्षीण झाली असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला आश्रय देऊन सावरले.

निवड : लहान कामांसाठी सु. २५० ते ३०० मिमी. व्यासाचे लाकूड फिरू शकेल, दोन टोकांत सु. ४०० मिमी. अंतर मिळेल आणि मोटर अर्ध्या अश्वशक्तीची असेल, असे बिडाचे यंत्र पुरते. वेग बदलता येणे अत्यावश्यक आहे. कारण फेऱ्या तितक्याच असल्या तरी व्यास वाढताच कडेचा वेग वाढतो. ५० मिमी. जाडीचा दांडा मिनिटास २,००० फेऱ्यांनी कातता येतो, परंतु २५० मिमी. व्यासाचा ओबडधोबड तुकडा प्रथम ४०० ते ५०० फेऱ्यांनीच फिरवावा लागतो. १९८१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्यात पोलाद-उद्योग मोठा आहे. अशा ठिकाणी धातुकामाचे जुने लेथ विकत घेण्याचा मोह होतो. मात्र त्यांचा कमाल वेग बहुधा लाकडास अपुरा पडतो व हत्यार हाती धरण्यासाठी टेकू नसतो. यंत्रावरील खर्चातून पटाश्या, त्यांना धार लावण्याची सहाण व चेहऱ्याचे संरक्षक कवच यांसाठी रक्कम राखून ठेवणे हिताचे ठरते.

मांडणी : यंत्राचा मध्य उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर यावा. बैठक जड असावी आणि पाय समपातळीत टेकावेत. अन्यथा खिळ घट्ट करताना यंत्राच्या पाटास पीळ पडतो. दोन्ही अणकुच्या समोरासमोर तंतोतंत येतात किंवा नाही हे पाहावे. वीजजोडणीस भूसंपर्कन हवे. टेकू लाकडापासून सु. ३ मिमी. अंतरावर ठेवून, यंत्र सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक फेरी फिरवून पाहतात. सैल बाह्या, ओढणी व हातमोजे वर्ज्य होत, कारण ते लाकडात गुंतून हात ओढला जातो.

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओले लाकूड टोकांकडून वेगाने सुकून तडकते. म्हणून बाभूळ, कडुनिंब वा आंबा यांच्या ओंडक्यांच्या टोकांना मेण लावून ते सावलीत सुकवितात. तडा गेलेला तुकडा फिरत्या यंत्रावर फुटून उडू शकतो. त्यामुळे लाकडाची पारख हा कातकामातील पहिला सुरक्षानियम ठरतो.