खिळ्यांच्या फळीपासून पिनबॉल लीगपर्यंत

तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी बगाटेल खेळलेले असेल. तिरकी लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, बाजूला स्प्रिंगची दांडी आणि छऱ्यासारख्या लोखंडी गोळ्या. अमेरिकेत आल्यावर बारच्या कोपऱ्यात लखलखणारे पिनबॉलचे यंत्र पाहून ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे वाटत असेल, तर आधी हे नाते लक्षात घ्या. १८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने बगाटेलमध्ये सुधारणा करून स्प्रिंगच्या दांडीचे पेटंट घेतले. पिनबॉल त्याच फळीतून आले, आणि नावातली ‘पिन’ म्हणजे तोच खिळा!

मंदीच्या काळात, १९३०च्या दशकात, नाणे टाकून खेळायची ही यंत्रे दुकानादुकानांत पोचली. काही यंत्रे जिंकणाऱ्याला पैसे देत, म्हणून जुगाराचा शिक्का बसला. जानेवारी १९४२मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी बंदी घातली, जप्त केलेल्या यंत्रांवर छायाचित्रकारांसमोर स्वतः घण घातला. पोराटोरांच्या खिशातली चिल्लर हे यंत्र लुटते, हा त्यांचा राग होता. खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. तेव्हाच्या यंत्राला फ्लिपरच नव्हते. दांडी ओढायची, यंत्राला थोडे धक्के द्यायचे, बाकी गोळीची मर्जी. फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर. खेळ बदलला, कायदा मात्र तिथेच राहिला. ही यंत्रे जिथे तयार होत, त्या शिकागोतही खेळायला मनाई होती!

१९७६ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेपुढे रॉजर शार्प नावाचा तरुण लेखक उभा राहिला. त्याने दोन यंत्रे आणवली होती, एक खेळायला आणि एक राखीव. सदस्यांपैकी एकाला संशय आला, त्याने राखीव यंत्रावरच खेळायला लावले. शार्पने दांडी ओढण्याआधी बोट दाखवून सांगितले की गोळी मधल्या वाटेने जाईल. गेली. बंदी उठली. तो फटका नशिबानेच लागला, असे पुढे शार्प स्वतःच सांगत असे. कौशल्याचा दाखला म्हणून नशिबाने लागलेला फटका! कॅरममध्ये चुकून राणी घेऊन गंभीर चेहरा करणाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको.

आज शार्पचेच मुलगे आंतरराष्ट्रीय पिनबॉल संघटनेचा कारभार पाहतात, आणि तिच्या जागतिक क्रमवारीत लीगच्या निकालांचीही नोंद होते. म्हणून नवख्याला धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. बहुतेक लीग आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एका संध्याकाळी, तीन-चार जणांच्या गटांत खेळल्या जातात. एका यंत्रावर लाखांत धावा होतात, दुसऱ्यावर कोटींत, त्यामुळे एकूण धावांना अर्थ नसतो. त्या यंत्रावर तुम्ही गटात कितवे आलात त्यावर गुण मिळतात. अनेक ठिकाणी पुढच्या वेळी साधारण बरोबरीच्यांशी गाठ पडेल असे गट पाडतात. ओकलंडमध्ये २०१३ साली खास स्त्रियांसाठी लीग सुरू झाली, तिच्या शाखा आता अनेक शहरांत आहेत.

एक गोष्ट मात्र घरीच शिकून जा. यंत्राला हलकासा धक्का देणे नियमात बसते, किंबहुना तो खेळाचाच भाग आहे. पण आत गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन एका कड्यात लोंबते. ते कड्याला लागले की ‘टिल्ट’: फ्लिपर मरतात, ती गोळी गेली, तिचा बोनसही गेला. नवीन यंत्रे आधी एक-दोन इशारे देतात. इशारा मिळाला की थोडे थांबा, लोलक डोलायचा थांबू द्या. घाईत दिलेला दुसरा धक्का बहुतेक वेळा नडतो. आणि टिल्ट करून पुढच्या खेळाडूची गोळी बिघडवली, तर लीगचे लोक एरवी कितीही प्रेमळ असोत, नियम वाचून दाखवतात.

जाताना खिशात क्वार्टर ठेवा. कार्ड चालणारी यंत्रे वाढली असली तरी जुन्या यंत्रांना नाणीच लागतात.