शेअर बाजारातील सर्वसामान्यांचा सहभाग : मंद्रूप परिसर

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील, सोलापूर–विजयपूर रस्त्यावरचे मोठे गाव. भीमा आणि सीना यांच्या मधल्या या पट्ट्यात ऊस, ज्वारी, कांदा ही पिके होतात. अशा गावातला माणूस शेअर बाजारापासून लांब राहिला, की त्याला धाडस नाही असे शहरात म्हटले जाते. हे निदान कच्चे आहे. सोलापूर बाजार समितीच्या लिलावात काय भाव निघेल हे ठाऊक नसताना जो कांदा लावतो, त्याला जोखीम शिकवावी लागत नाही.

शेअरही इथे नवा नाही. सहकारी साखर कारखान्याचा शेअर अनेक घरांत असतो. मात्र त्याचा भाव रोज हलत नाही, तो खुल्या बाजारात विकता येत नाही आणि कितीही शेअर असले तरी मत एकच. सभासदाला लाभांशापेक्षा वेळेवर ऊसतोड मिळण्याची फिकीर जास्त.

बाजारातला सहभाग ठरवणारा सर्वांत मोठा घटक पैसा कधी हाती येतो हा. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १४ दिवसांत द्यावी असा कायदा आहे. बिल बहुधा हप्त्याहप्त्याने येते आणि त्यातून आधी सोसायटीचे पीककर्ज वळते होते. दरमहा ठरल्या तारखेला कापली जाणारी म्युच्युअल फंडाची एसआयपी त्यामुळे शिक्षक, पोलीस, तलाठी अशा पगारदारांनाच मानवते. इतरांना पिग्मी, भिशी आणि सोने बरे. अडीअडचणीला तेच कामी येते.

दुसरा घटक ओळखीच्या माणसाचा शब्द. तो दोन्हीकडे चालतो: बाजारापासून लांबही ठेवतो आणि चौकशी न करता पैसे गुंतवायलाही लावतो. शेअर देऊन लोकांकडून उभारलेली रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश २०१८ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सोलापूर जिल्ह्यातल्याच लोकमंगल ॲग्रो इंडस्ट्रीजला दिला होता. पन्नास किंवा अधिक जणांना शेअर देऊ केले की ती सार्वजनिक विक्री ठरते, हा जुन्या कंपनी कायद्यातला नियम किती भागधारकांना माहीत असेल?

दलालाची पेढी गाठण्याचा अडसर मात्र मोबाइलने आणि आधार-आधारित केवायसीने काढून टाकला. देशातील डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती, मार्च २०२४ मध्ये १५ कोटींवर गेली. सोपे झालेले सगळेच हिताचे नव्हते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या. त्यातल्या अखेरच्या वर्षी असे व्यवहार करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते.