जुना मिनी ट्रॅक्टर घेताना: युवराज 215 की मित्सुबिशी शक्ती?

जुना मिनी ट्रॅक्टर बघायला गेल्यावर बहुतेक जण आधी एचपी विचारतात. त्याआधी हे ठरवा, की त्याच्यामागे कोणते अवजार जास्त दिवस चालणार आहे. ऊस-कपाशीची आंतरमशागत आणि द्राक्षबागेतली फवारणी ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. एकाला उत्तम ठरणारे यंत्र दुसऱ्याला अडचणीचे ठरू शकते.

आपल्याकडे जुन्या बाजारात जी दोन नावे सतत समोर येतात, त्यांचीच तुलना करू. महिंद्राचा युवराज 215 हा 15 एचपीचा, एकाच सिलिंडरचा ट्रॅक्टर. इंजिन 863.5 सीसी, वजन सुमारे 780 किलो. व्हीएसटीचा एमटी 180 डी, म्हणजे पूर्वीचा 'मित्सुबिशी शक्ती', 18 ते 19 एचपीचा, तीन सिलिंडरचा. त्याचे इंजिन जेमतेम 900 सीसीचे, पण फेरे जास्त. वजन 645 किलोच्या आसपास. दोन्ही इंजिने आकाराने जवळजवळ सारखीच, वागायला मात्र वेगळी.

एका सिलिंडरचे इंजिन थरथरते. त्यामुळे नट ढिले होतात, डिझेलच्या नळ्या व पत्र्याचे जोड तडकतात. पण इंजिनकाम निघाले तर पिस्टन एक, लायनर एक, नोझल एक. तालुक्याच्या गावातला फिटरही ते करतो. तीन सिलिंडरचे इंजिन मऊ चालते, पीटीओवर तासन्‌तास एकसारखा वेग देते, म्हणून फवारणीला सुखाचे. मात्र खर्च निघाला की तो तिपटीकडे जातो आणि डिझेल पंपाला जाणकार हात लागतो. पीटीओवर मिळणारी ताकद युवराजची सुमारे 11 एचपी, एमटी 180 डीची सुमारे 13. पंखा आणि पंप एकत्र ओढणाऱ्या ब्लोअरला हा फरक जाणवतो. मोठा ब्लोअर चालवायचा असेल तर मी या दोन्हींऐवजी कुबोटाच्या 24 एचपीच्या, चारही चाकांना गती असलेल्या बी 2441 सारख्या यंत्राकडे बघायला सांगेन.

उचलण्याच्या क्षमतेत चित्र उलटते. युवराजची 778 किलो, एमटी 180 डीची 500 किलो. हा आकडा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो; ओझे जितके मागे, तितकी प्रत्यक्ष क्षमता कमी. 400 लिटरची टाकी भरली की पाण्याचेच 400 किलो होतात, वर लोखंड आणि पंप. हलक्या ट्रॅक्टरचा पुढचा भाग बांधावर, चढावर उचलला जातो आणि स्टिअरिंग हलके पडते. त्यामुळे एमटी 180 डीला 200 लिटरची टाकी ठेवा, किंवा चाकांवरचा ओढायचा ब्लोअर घ्या.

उसात रुंदी महत्त्वाची. युवराजच्या मागच्या चाकांतले अंतर 711 मिमीपर्यंत कमी करता येते. 8 इंची टायर धरला तर बाहेरून सुमारे 3 फूट. साडेचार फुटी सरीत दोन्ही बाजूंना 9-9 इंच उरतात. आंतरमशागतीला हे पुरते, चालवणारा सरळ असेल तर! मांडवाच्या बागेत रुंदीपेक्षा उंची नडते. सीट, स्टिअरिंग, उभा सायलेन्सर मोजा आणि सर्वांत खाली लोंबणाऱ्या फांदीशी ताडून बघा.

बघायला गेल्यावर

जायच्या आधी फोनवर सांगा, की ट्रॅक्टर सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसे सुरू होते तेच बघायचे आहे. इंजिनाला ग्लो प्लग असतील तर ते तापू द्या, मग सेल्फ मारा. निळा धूर टिकला तर इंजिन ऑइल जळते आहे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. ब्रीदरमधून जोराने धूर येत असेल तर रिंगा-लायनर गेले समजा आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करा.

द्राक्षबागेतला ट्रॅक्टर रस्त्यावर कमी फिरलेला असतो, पण पीटीओचे तास भरपूर झालेले असतात. तासमीटर बंद असेल तर पीटीओ शाफ्टचे दाते आणि सीलची गळती बघा. बोर्डो मिश्रण आणि गंधकाने हायड्रॉलिक पाइप, वायरिंगचे जोड, सीटखालचा पत्रा खाल्लेला असतो. नवा रंग मारलेला असेल तर खालून हात घालूनच बघा.

अवजार उचलून इंजिन बंद करा. दहा मिनिटांत ते जमिनीला टेकले तर हायड्रॉलिकचे काम आहे. चारही चाकांना गती असेल तर पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले हवेत. जपानी धाटणीच्या छोट्या ट्रॅक्टरना पीटीओचे अनेक वेग असू शकतात. 540 फेऱ्यांचे अवजार चुकून वरच्या वेगावर लावले तर गिअरबॉक्स फुटतो. लिव्हरवरच्या खुणा पुसल्या असतील तर मालकाकडून नीट समजून घ्या.

सुट्या भागांची चौकशी सौदा ठरण्याआधी करा. जवळच्या दुकानात क्लच प्लेट, ऑइल सील, फिल्टर आणि वॉटर पंप आजच्या आज मिळतात का, एवढे विचारा. ऐन छाटणीनंतर आठ दिवस पार्टची वाट बघणे डाऊनीच्या हवामानात परवडत नाही.

आरसी बुकवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी नमुना 29 व 30 वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. ट्रॅक्टर अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीत न विकण्याची अट आहे का, ते कृषी कार्यालयात विचारा. चेसिस आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी स्वतः ताडून बघा. त्यासाठी खरवडायला तारेचा ब्रश सोबत न्या.