जैवसुरक्षा मान्यतेचे निलंबन (ऑस्ट्रेलिया)

जैवसुरक्षा मान्यतेचे निलंबन म्हणजे आयात मालाची हाताळणी करणाऱ्या खाजगी सुविधाचालकाला दिलेली शासकीय मान्यता काही काळापुरती स्थगित करण्याची कार्यवाही होय. ऑस्ट्रेलियात ही तरतूद जैवसुरक्षा अधिनियम, २०१५ च्या सातव्या प्रकरणात आहे. हा अधिनियम १६ जून २०१६ रोजी अंमलात आला व त्याने १९०८ च्या विलगीकरण कायद्याची जागा घेतली. निलंबनाने मान्यता कायमची संपत नाही. त्यामुळे ते मान्यता रद्द करण्याहून वेगळे आहे.

पार्श्वभूमी

बंदरात उतरणारा प्रत्येक कंटेनर शासकीय अधिकाऱ्यांनी उघडून तपासणे शक्य नसते. म्हणून गोदामे, शीतगृहे, धुरीकरण करणाऱ्या संस्था व सीमाशुल्क दलाल यांना 'मान्यताप्राप्त व्यवस्थे'खाली काही कामे स्वतः करण्याची मुभा दिली जाते. मालाची साठवण, तपासणी, प्रक्रिया व विल्हेवाट ही त्यांतील प्रमुख कामे होत. कृषी खाते अशा संस्थांचे लेखापरीक्षण करते. सार्वजनिक संरक्षणाचे काम खाजगी हाती सोपवलेले असल्याने मान्यता काढून घेण्याचा अधिकार हा या पद्धतीचा आधार ठरतो.

निलंबनाची कारणे

कृषी खात्याचे सचिव हेच पदसिद्ध जैवसुरक्षा संचालक असतात. पुढील कारणांवरून मान्यता पूर्णतः किंवा अंशतः निलंबित करता येते :

* मान्यतेसाठीच्या अटींची पूर्तता न राहणे किंवा त्यांचा भंग होणे;
* चालक 'योग्य व पात्र व्यक्ती' न राहणे (यात त्याच्या सहयोगी व्यक्तींचाही विचार होतो);
* मालाशी निगडित जैविक धोक्याचे स्वरूप बदलणे;
* शासनाचे शुल्क थकणे.

चालक स्वतःही निलंबनाची विनंती करू शकतो.

कार्यपद्धती

सर्वसाधारणपणे निलंबनापूर्वी चालकाला कारणे दाखवा नोटीस दिली जाते व लेखी म्हणणे मांडण्यासाठी १४ दिवसांची मुदत मिळते. कारणे गंभीर व तातडीची असल्याची संचालकांची वाजवी धारणा असल्यास नोटिशीविना निलंबन करता येते. कीड किंवा रोग पसरण्यास १४ दिवस पुरेसे असतात, तर चुकीच्या निलंबनाने चालकाचा व्यवसाय ठप्प होऊ शकतो. हा अपवाद या दोहोंमधील तोल साधण्यासाठी आहे. निर्णयाविरुद्ध प्रथम खात्यांतर्गत पुनर्विलोकन मागता येते व त्यानंतर न्यायाधिकरणाकडे जाता येते.

निलंबनकाळातील माल

निलंबनामुळे गोदामातील मालाचा धोका नाहीसा होत नाही. त्यामुळे या काळातील धोका-व्यवस्थापनाविषयी चालकाला निर्देश देता येतात. भारतीय उपखंडातील मूळची कीड असलेला खापरा भुंगेरा याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या अळ्या फटींमध्ये लपून अन्नाविना दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहू शकतात. या किडीमुळेच ऑस्ट्रेलियाने २०२० पासून तांदूळ, हरभरा, जिरे इत्यादी वस्तू प्रवासी सामानातून व टपालाने आणण्यावर निर्बंध घातले.

महत्त्व

२०१६ च्या अखेरीस क्वीन्सलँडमधील लोगन नदीकाठच्या कोळंबी शेतांत पांढरे ठिपके रोग आढळला. बाधित शेतांतील कोळंबी नष्ट करावी लागली आणि जानेवारी २०१७ मध्ये कच्च्या कोळंबीची आयात थांबवण्यात आली. आयात केलेल्या कच्च्या कोळंबीचा मासेमारीत आमिष म्हणून वापर हा रोगप्रवेशाचा एक संभाव्य मार्ग मानला गेला. मात्र नेमका मार्ग सिद्ध झाला नाही. जैवसुरक्षा महानिरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात आयात-नियंत्रणातील त्रुटींवर कठोर टीका केली. नियम पाळणाऱ्या व मोडणाऱ्या आयातदारांमध्ये वेळीच फरक न केल्यास अखेर संपूर्ण व्यापारच थांबवावा लागतो, हे या घटनेतून दिसून आले. एका चालकापुरते मर्यादित असलेले निलंबन हा त्याआधीचा उपाय आहे.